पिवळ्या रंगात दाखवलेली घरं

ओटावातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी एकवीस वर्षं आफ्रिकेतल्या शहरांची छतं रंगवली. उपग्रहाने काढलेला फोटो संगणकावर उघडायचा, त्यातलं एकेक छत ओळखायचं आणि त्याला रंग द्यायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं, "काय करता?" तर मी "अर्बन प्लॅनिंग" म्हणायचो. ऐकायला बरं वाटतं.

आमचा नागपूरचा विलास मात्र सोडत नाही. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत लांबून ओरडतो, "काय बे इंगळे, तुझा सिंह काय म्हणून राहिला?" या दिवाळी अंकाच्या संपादक मृणालताईंनीही तेच मागितलं. "आफ्रिकेतल्या गमतीजमती लिहा हो. लोकांना दिवाळीत हलकं काहीतरी हवं असतं." मी हो म्हणालो. सिंह मला तिकडे एकदाही दिसला नाही. गमती दोन आहेत, त्या सांगतो. तिसरी गोष्ट गमतीची नाही, आणि खरं तर तीच सांगायला बसलो आहे.

आधी धंदा समजावतो. आफ्रिकेतली बरीच शहरं इतक्या वेगाने वाढताहेत की महापालिकेकडे स्वतःच्या शहराचा ताजा नकाशा नसतो. गावाकडून माणसं येतात, उतारावर, ओढ्याकाठी घरं बांधतात. पलीकडे काचेचे टॉवर उभे राहतात आणि त्यांतले अर्धे मजले रिकामेच असतात. बाजारात भाजीवाली फोनवरून पैसे घेते, पण तिच्या घरी नळ नसतो. मग परदेशी मदतीतून एखादा प्रकल्प येतो. गटार, रस्ता, पाइपलाइन. त्याला नकाशा लागतो, आणि नकाशासाठी आमच्यासारखी कंपनी. कोणाच्या घरावरून रस्ता न्यायचा आणि ज्याचं घर जाईल त्याला काय द्यायचं, हे पुष्कळदा आम्ही दिलेल्या रंगावर ठरतं.

पहिली गंमत पश्चिम आफ्रिकेतल्या एका किनाऱ्यावरच्या शहरातली. तिथल्या नव्या उपनगराचं चित्र आम्हाला करायचं होतं. आमच्या डिझायनर मुलीने तयार चित्रांच्या साठ्यातली माणसं आणि झाडं उचलून त्यात टाकली. विषुववृत्ताजवळच्या त्या शहरात मेपलची लालभडक झाडं, आणि त्यांच्याखाली जॅकेट घातलेली एक गोरी आई बाळाचा स्ट्रोलर ढकलते आहे. मी ते थेट सादरीकरणाच्या दिवशी पाहिलं. महापौर बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही झाडं आम्हाला कधी मिळतील?" सगळे हसले. महापौर हसले नाहीत. ते चित्र तसंच्या तसं विमानतळाच्या रस्त्यावर भल्यामोठ्या फलकावर लागलं. उपनगर अजून झालेलं नाही. दोन वर्षांनी गेलो तेव्हा त्या फलकाचा तुकडा एका टपरीची भिंत झाला होता आणि लाल मेपलखाली एक बाई केळी तळत होती.

दुसरी गंमत दुसऱ्या देशातली. नगररचना खात्याच्या साहेबांनी मला एका वस्तीवर बोट ठेवून सांगितलं, "हिला हिरवा रंग द्या." हिरवा म्हणजे बाग.

"सर, इथे माणसं राहतात."

"राहतात. पण त्यांनी तिथे राहू नये असं आमचं धोरण आहे."

"नकाशात धोरण दाखवता येत नाही, सर."

"का? तुमच्या आधीचे सल्लागार दाखवायचे!"

मी रंग बदलला नाही. परत येऊन हा किस्सा मी किती जणांना सांगितला असेल! कोणाच्या बेसमेंटमध्ये, प्रत्येकाने एक पदार्थ न्यायच्या पोटलकमध्ये, गाडीतून लांबच्या मिल्टन गावाला जाताना. आपण सरळ माणूस आहोत याचा माझ्याकडे तो पुरावा होता. तो इथे मुद्दाम सांगितला, कारण पुढच्या गोष्टीत माझ्यावर कोणीही दबाव आणला नव्हता.

पूर्व आफ्रिकेतला एक देश. त्याचं नाव देत नाही. जिच्याबद्दल लिहितो आहे ती बाई अजून तिथेच राहते. करवाढीवरून तिथली तरुण मुलं रस्त्यावर उतरली तेव्हा सरकारने इंटरनेट बंद केलं होतं, आणि जास्त बोलणारी काही माणसं बरेच दिवस घरी आली नव्हती. राजधानीच्या कडेला एका उतारावर मोठी वस्ती होती. मी तिला नुसतं टेकडी म्हणतो. पावसात टेकडीवरचं पाणी खालच्या भागात घुसायचं, दरवर्षी माणसं दगावायची. म्हणून मोठं गटार आणि त्याच्या कडेने रस्ता असा प्रकल्प ठरला. प्रकल्प वाईट नव्हता. गटार हवंच होतं. ज्यांची घरं जातील त्यांना मोबदला देण्याचा नियमही कागदावर होता. घर 'कायम' असेल तर त्याबद्दल दुसरं घर बांधता येईल इतका मोबदला. 'तात्पुरतं' असेल तर सामान हलवायला एक ट्रक.

कायम कशाला म्हणायचं आणि तात्पुरतं कशाला, हे कोणीतरी लिहायला हवं होतं. आमचा प्रमुख ब्रायन, अगदी भला माणूस, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "यू आर फ्रॉम इंडिया. यू नो दीज प्लेसेस." मी त्याला म्हणू शकलो असतो की नागपूर ते टेकडी हे अंतर ओटावाइतकं नसलं तरी पुष्कळ आहे. पण मला बरं वाटलं. मी एका दुपारी व्याख्या लिहून टाकल्या. सिमेंटचा स्लॅब किंवा कौलं असतील तर कायम. पत्र्याचं छत असेल तर तात्पुरतं. तात्पुरत्याला पिवळा रंग.

हे मी कुठून आणलं ते सांगतो. आमच्या नागपूरच्या घरावर टिन होतं, म्हणजे पत्राच. मी बारावीत जाईपर्यंत होतं. आई दरवर्षी म्हणायची, "यंदा टिन काढून स्लॅब टाकू." पाहुणे आले की बाबा आधीच सांगायचे, "सध्या टिन आहे, स्लॅब टाकायचा आहे." ज्याच्याकडे स्लॅब पडला त्याचं घर झालं, बाकीचे अजून व्हायचे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, अंगातच मुरलं होतं. टिन म्हणजे अजून घर झालेलं नाही. ती टिनाची लाज मी टेकडीवर पसरली. संगणकाला फक्त चंदेरी चमक शोधायला शिकवलं, आणि त्याने एका सकाळी अख्खी टेकडी पिवळी करून दिली.

दरम्यान टेकडीवर आमच्यासाठी एक बाई घरोघर फिरून फॉर्म भरत होती. तिला सगळे मामा नीमा म्हणायचे. तिकडे मामा म्हणजे आई. नीमा तिची मोठी मुलगी, म्हणून मामा नीमा, आपल्याकडे 'सुन्याची आई' म्हणतात तसं. पन्नाशीची, शाळेचे गणवेश शिवणारी, विधवा. तिच्या फॉर्ममध्ये एक रकाना भिंतींचा होता, आणि ती गेली त्या प्रत्येक घरासाठी तो तिने भरला होता. पण वरून फोटोत भिंती दिसत नाहीत, आणि ज्या घरी ती फॉर्म भरायला पोचली नव्हती त्यांच्या भिंती आमच्याकडे नव्हत्या. अर्धवट रकाना नकाशात बसेना. मी तो काढून टाकला. आमच्या धंद्यात याला माहिती स्वच्छ करणं म्हणतात.

मग प्रत्यक्ष पडताळणीसाठी मला तीन दिवस टेकडीवर पाठवलं. वेळ थोडा, त्यात पाऊस. तीनही दिवस मी रस्त्यावरून फोटो काढत मामा नीमाच्या मागे फिरलो. दारं बंद, माणसं कामावर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "इंजिनिअर, तू माझ्याकडे चहा न घेता विमानात बसलास तर लोक मला नावं ठेवतील."

आत गेलो. पक्क्या विटांच्या भिंती, गिलावा केलेल्या, आकाशी रंग दिलेल्या. फरशी. विजेचा मीटर. चार शिलाई मशीन, दोन मुली शिवत बसलेल्या. आणि वर पत्रा. मी वर बघतो आहे हे पाहून तिचा चेहरा खुलला.

"बघ बघ. गेज अठ्ठावीस!"

"म्हणजे?"

"इंजिनिअर आहेस आणि म्हणजे विचारतोस? जाड पत्रा. माझ्या नवऱ्याच्या गावी अजून गवत आहे. आम्ही पत्रा चढवला त्या दिवशी त्याच्या भावाने अख्खा बोकड आणला होता."

मी चहाचा कप हातात धरून बसलो. तिथे गवत जाऊन पत्रा आला की घर पूर्ण होतं. आमदाराच्या घरावर पत्रा, शाळेवर पत्रा, चर्चवर पत्रा. मी तीन दिवस तेच पाहत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

"तुझ्या नकाशात माझं घर कोणत्या रंगाचं आहे?" तिने विचारलं.

"पिवळं."

"पिवळं म्हणजे काय?"

मी म्हणालो, "म्हणजे राहतं घर."

त्यावर ती शिवणाऱ्या मुलींना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो.

ओटावाला परत आल्यावर मी ब्रायनला सांगितलं. एवढं तरी केलं. तो म्हणाला, "ग्रेट कॅच! फेज टूमध्ये घेऊ या." नकाशाचा मसुदा आधीच तिकडच्या सरकारला गेला होता. त्यांची निवडणूक तोंडावर होती, मंत्र्यांना कोनशिला बसवायची होती, आणि टेकडीने मागच्या वेळी विरोधी पक्षाला मतं दिली होती. नकाशा परत मागवला तर प्रकल्पच जाईल असं सगळ्यांचं मत पडलं. मी परिशिष्टात एक तळटीप घातली. इंग्रजीतल्या त्या वाक्याचा अर्थ असा, की काही ठिकाणी पत्र्याच्या छताखाली पक्क्या भिंती असू शकतात.

असू शकतात. मी त्या भिंतीला पाठ टेकून चहा प्यायलो होतो. त्यानंतर नकाशाच्या अंतिम प्रतीवर इंजिनिअर म्हणून सही केली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. सुजाता ऐकून घेऊन म्हणाली, "अरे, एवढी मोठी टीम होती. तू एकटा होतास का?" मला तेच ऐकायचं होतं. मी बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला आणि शांत झोपलो. हेही सांगायला हवं, की मी शांत झोपलो.

घरं पडली ते मला कोणी कळवलं नाही. दर महिन्याला उपग्रहाचा नवा फोटो यायचा, तो मी एका सकाळी कॉफी घेऊन उघडला. टेकडीवरून एक रुंद तपकिरी पट्टा गेला होता. मी शिकवलेल्या यंत्राने तो पट्टा तपासला आणि स्वतःहून रंग दिला. रिकामी जागा. अगदी बरोबर ओळखलं होतं.

मामा नीमाला फोन करायला मला सात आठवडे लागले. ती शहराबाहेर एका खोलीत भाड्याने राहत होती. ट्रक खरंच आला होता, म्हणाली. चारपैकी एक मशीन खोलीत मावली. उरलेल्या तीन मशीन शेजाऱ्यांच्या दारात ठेवल्या, त्या चोरीला गेल्या. भरलेल्या फॉर्मच्या प्रती तिने पलंगाखाली एका खोक्यात जपल्या होत्या. घर पाडताना ते खोकं विटांखाली राहिलं.

"इंजिनिअर, पोलिसांच्या कागदावर तात्पुरतं लिहिलं होतं," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, थांबा, आमच्या इंजिनिअरच्या नकाशात हे राहतं घर आहे. मी भांडले त्यांच्याशी."

मी तिला खरं काय ते सांगितलं.  मग तिने विचारलं, "आता हे लिहून देशील?"

टेकडीवरची माणसं कोर्टात गेली होती. एक तरुण वकील फुकट केस लढत होता. त्याला परदेशातल्या इंजिनिअरचं शपथपत्र हवं होतं, की वर्गवारी चुकली होती, घरं पक्की होती. तोपर्यंत मदतीचे निधी आटले होते, आमचा विभाग बंद झाला होता, मूळ फॉर्म कंपनीच्या कुलपात राहिले होते आणि छप्पन्नाव्या वर्षी मी घरी बसलो होतो. मला गमवायला फारसं काही उरलं नव्हतं. माझ्या हिमतीबद्दल कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून हे लिहिलं.

शपथपत्र करायला ग्रोसरीच्या दुकानावरच्या एका नोटरीकडे गेलो. सरदारजी, वयस्कर. त्यांनी चष्मा लावून माझा मजकूर वाचला. वकिलाने पाठवलेल्या मसुद्यात होतं, की टेकडीवरची सर्व बाधित घरं पक्क्या भिंतींची असल्याचं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

"भाईसाहब, ये सारे मकान आपने खुद अंदर से देखे हैं?"

"नहीं. एक देखा है."

"तो एक लिखिए. झूठी कसम मत खाइए. आप पढ़े-लिखे आदमी हैं."

बाकीच्या घरांबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मामा नीमाने प्रत्येक फॉर्म स्वतः भरला होता आणि ती खोटं लिहिणारी बाई नव्हती. पण शपथ म्हणजे शपथ. वर्गवारी चुकली असं लिहिलं, त्याला आधार म्हणून मी स्वतः पाहिलेलं एक घर लिहिलं. सरदारजींनी शिक्का मारला. खाली येऊन गाडीत बसलो तेव्हा मला चक्क हलकं वाटत होतं. योग्य ते केलं, असं वाटत होतं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. माझी सकाळ, तिची दुपार.

"वकिलाने वाचून दाखवलं, इंजिनिअर. त्यात एकच घर आहे."

"मी एकाच घरात आलो होतो, मामा."

"आणि नकाशा काढलास तेव्हा किती घरांत गेला होतास?"

  एकाही घरात न जाता मी सगळी टेकडी पिवळी केली होती, आणि एकच घर बघून सगळ्या टेकडीवर सही केली होती. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, भाईसाहब, खुद देखा है?

"वकील म्हणतो, या कागदावर माझ्या एकटीच्या घराचा मोबदला मिळेल," ती म्हणाली. "सरकारचा माणूस लगेच मान्य करेल. म्हणेल, बघा, इंजिनिअर स्वतः सांगतो की पक्कं घर एकच होतं. मग बाकीच्यांचं तात्पुरतं कायमचं ठरेल."

"मामा, मी दुसरा करून देतो. सगळी घरं लिहितो. आजच जातो."

"परवा तारीख आहे. हा कागद यायलाच चार दिवस लागले."

"तू तरी घे मग. तुझं घर तरी..."

"मी त्याला सांगितलं, हा कागद दाखल करू नको." तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्या लोकांच्या दारात उभी राहून फॉर्म भरले. तुझ्या नावाने भरले. कॅनडाचा इंजिनिअर आहे, घाबरू नका, खरं ते सांगा, असं म्हणून भरले. आता मी एकटीच घर घेऊन त्यांच्यासमोर कशी जाऊ, ते तू सांग."

परवाच्या तारखेला कागद दाखल झाला नाही. निकाल यायला पाच महिने लागले. तो तिने मला फोनवर पाठवला. मी सगळा वाचला. अकरा पानांचा आहे, भाषा सभ्य आहे. सहाव्या पानावर न्यायाधीशांनी म्हटलं आहे, की रहिवाशांचं दुःख कोर्टाला समजतं. पण घरं कायम होती याला त्यांच्या तोंडी सांगण्यापलीकडे आधार नाही, आणि उलट बाजूने एका अनुभवी परदेशी इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहणीनंतर सही केलेला नकाशा समोर आहे.

पुढे माझं नाव आहे, स्पेलिंग बरोबर आहे.

मी तिला त्याच दिवशी फोन केला, दुसऱ्या दिवशी केला, त्यानंतरही करत राहिलो. उचलला एकदाच, नीमाने. ती इंग्रजीत म्हणाली, आई कामात आहे, काही निरोप आहे का? मी नाही म्हणालो.